पाय पुढे

तिला आणताना कुणीतरी चूक केली. नाव मी घेत नाही. पाच माणसं हजर होती आणि त्यांत शहाणं एकही नव्हतं.

१९६१चा मार्गशीर्ष. बी. ए. होऊन मी वणीच्या एका शुश्रूषागृहात काम करू लागलो होतो. राजूरकडच्या एका बंजारा तांड्यावर लालसिंग नावाच्या माणसाची आई बिजलीबाई पोटातल्या गाठीने तळमळत होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. निदान शेवटचे दिवस तरी वेदनेविना जावेत, एवढंच मला हवं होतं.

"याडीले घरीच राहू द्या," लालसिंग म्हणाला. आईला तो याडी म्हणे.

मी तासभर समजावलं. खरं तर दटावलं.

दुपारी आमची जीप आली. आम्ही बिजलीबाईला बाजेसकट उचललं. दार अरुंद, बाज वळेना. मी पायाकडची बाजू आधी बाहेर काढली.

"पाय पुढं नका करू, भाऊ," सून हंसाबाई म्हणाली. "तसं मुडद्याले नेतात."

"मुडदा होईपर्यंत वाट पाहायची का मग?"

मी तसाच जोर लावला. बाज उंबऱ्यावरून सरकली आणि बिजलीबाईचं कण्हणं एकदम थांबलं. मी वाकून पाहिलं. श्वास चालू होता.

वणीत ती पेज प्यायली, कुशीवर वळली. इंजेक्शन अजून दिलंही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "हिला दुखतंय तरी कुठे?" मी सुखावलो. लालसिंग मात्र उशाशी बसेना. दाराशी उभा राहून, परक्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता.

"काहून रे?" मी विचारलं.

"ही मले ओळखत नाही, भाऊ... अन् मी बी..."

न सांगताच तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याला जाब विचारायला मी भर उन्हात तांड्यावर गेलो. त्याचं दार लोटलेलं होतं. अंगणात चूल पेटवून तो वीट तापवत होता. फडक्यात गुंडाळून, माझ्याकडे न बघता, ती आत घेऊन गेला. गाठ शेकायला तो पूर्वी न्यायचा तशीच.

आतून कण्हणं आलं. तेच. दोन तुटके श्वास, मग लांब हुंकार.

सकाळीच मी तिला वणीत माझ्या हाताने पेज पाजली होती.

"आत... कोण आहे?"

कण्हणं हळूहळू थांबलं. उंबऱ्याशी बसलेल्या शेजारच्या रामीबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाबा. आत्ताच डोळा लागला तिचा."