डाव्या बाजूचा पान्हा

विजयश्रीचा अंगठा चाकणच्या एका कंपनीत नावाजलेला होता. मोटारींच्या दारांना लावायचे रबरी सील तपासणीला तिच्या टेबलावरून जात आणि प्रमाणाबाहेर कडक माल तिच्या अंगठ्याखालून सहसा सुटत नसे. मशीनही नंतर तेच सांगे. त्यामुळे अंघोळ करताना डावी छाती आंब्याच्या बाठीसारखी लागली, तेव्हा बाईने ना देव पाण्यात ठेवले, ना रडारड केली. रजा टाकली आणि डॉक्टर गाठले.

वाकडच्या हॉस्पिटलातले डॉक्टर शांत माणूस. "छातीत बसवलेले इम्प्लांट जन्मभराचे नसतात," ते म्हणाले. "शरीर त्याच्याभोवती स्वतःची एक पिशवी तयार करतं. कधी ती आवळत जाते, कधी आतलं सिलिकॉन फुटतं आणि बाईला पत्ताही लागत नाही. एमआरआय करू. पिशवीसकट जुना काढायचा, नवा बसवायचा. थोडे दिवस नळी राहील, आत साचणारं पाणी बाहेर यायला."

हे सगळं सरळ होतं. सरळ नव्हतं ते आधीचं. स्वरूपा, तिची तान्ही लेक, डावीकडे तोंडच लावायची नाही. मान फिरवायची आणि हातपाय झाडत रडायची. सासूबाई शालनबाई कासारवाडीच्या जुन्या घरातल्या, त्या हसून म्हणायच्या, "लई नखरेल हाय गं पोरगी." मग त्याच बाजूला गाठ सापडली. छाती काढली, केमो सुरू झाली, गोळ्या देऊन उजवीकडचं दूधही आटवलं. बाटलीचं दूध पोरीला मानवलं नाही. पावसाळ्यात जुलाब लागले आणि पोर हातची गेली. विजयश्री तेव्हा सलाइनवर होती. तिला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढे तिने इम्प्लांट बसवून घेतला, तो केवळ ब्लाउज नीट बसावा म्हणून. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली होती. पुन्हा मूल झालं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. कुशीतून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला आतलं पाणी ओढून घ्यायला दाबून ठेवलेली प्लास्टिकची डबी होती. पहिल्या दिवशी डबीत लाल पाणी आलं, मग गुलाबी, मग पिवळसर. डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं.

त्यानंतर एका दुपारी पांढरं आलं.

नर्सला वाटलं, पू झाला. नमुना तपासायला गेला, त्यात जंतू निघाले नाहीत. "चरबीचा अंश असेल," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे वळले. शालनबाई डबा घेऊन आल्या होत्या. नर्स ते पांढरं मापाच्या पेल्यात ओतत होती. खोलीभर गोडसर, कोमट वास पसरला आणि शालनबाईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

"चीक हाय ह्यो," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला आणि न जेवू घालताच निघून गेल्या.

विजयश्रीला तो वास कधीच कळला होता. छातीत ती जुनी कळही उठली होती, बाळ रडलं की उठायची तशी. पण तिथे दूध यायला काही उरलेलंच नव्हतं. चामडी होती आणि चामडीखाली नवं सिलिकॉन.

दुसऱ्या दिवशी डबी अर्धी भरली आणि नंतर पाहते तर रिकामी. नर्सने हात लावला नव्हता. विजयश्रीने कंपनीतल्या सवयीने डबी तपासली. बूच घट्ट होतं, चादर कोरडी होती, नळीला कुठे चीर नव्हती. पुन्हा पांढरं जमलं तेव्हा तिने डबीवर पेनाने खूण केली आणि नजर हलवली नाही.

पांढरं खुणेखाली उतरलं. नळीतून वर चढलं, तिच्या अंगाकडे. थांबलं, चढलं, परत थांबलं. घोट घेतल्यासारखं.

आधी ती घाबरली. पण ती भीती फार टिकली नाही. ती डाव्या कुशीवर हात ठेवून पडून राहिली आणि कितीतरी वर्षांनी तिला बरं वाटलं. जी बाजू पोरीने कधी घेतली नाही, तीच बाजू पोर आता पीत होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. दिग्विजय खुर्चीत बसून मोबाइल बघत होता.

"अहो, आत कुणीतरी पितंय."

त्याने मोबाइल खाली ठेवला. "औषधं जोरात असतात गं. होतं असं."

"ती उपाशी गेली होती."

तो उठून खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "विजू, हे कुणापाशी बोलू नकोस."

सकाळी डॉक्टरांनी रिकामी डबी पाहिली आणि खूश झाले. "गळणं थांबलं. नळी काढून टाकू."

"राहू द्या ना अजून."

"जास्त ठेवली तर जंतू आत शिरतात. मग नवा इम्प्लांटही काढावा लागतो."

"चालेल मला."

डॉक्टरांनी दिग्विजयकडे पाहिलं. दिग्विजय म्हणाला, "काढा."

टाका कापला. नर्सने खांदा धरला.

नळी येईना.

"श्वास सोडा," डॉक्टर म्हणाले आणि परत ओढली. आतून कुणी घट्ट धरलं होतं. विजयश्रीला ती ओढ स्पष्ट जाणवली.

"ओढू नका. पितीये ती."

त्यांनी ओढली. नळी सुटून बाहेर आली.

डॉक्टरांनी टोक उजेडात धरलं. मऊ नळीला पाणी शोषायची भोकं होती, त्यातल्या दोन भोकांमधल्या जागेत बारीक खोल खुणा उमटल्या होत्या, शेजारी शेजारी.

"आत कुठे तरी चिमटली असेल," ते म्हणाले, पण नळी लगेच टाकली नाही.

विजयश्रीने हात पुढे केला आणि खुणांवरून अंगठा फिरवला. स्वरूपा गेली तेव्हा तिच्या हिरड्या कोऱ्या होत्या.

"दात आलेत तिला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कुशीतल्या भोकाला टाका घातला. ते गाठ आवळत होते तेव्हा आतून तिथे काहीतरी येऊन टेकलं, ओलं आणि मऊ. थोडा वेळ चाचपलं आणि तिथेच वाट बघत राहिलं.