बारक्याची मूठ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि आमचा दादा थापा मारणारा माणूस नाही.

दादा प्लंबर. मदतीला त्याचा साला, बारक्या. नाव बारक्या, पण दारातून आडवा होऊन शिरतो! दोघांचा एक नियम होता. दादा तळघरातल्या पंपाच्या खड्ड्यात हात घालणार, तेव्हा बारक्या वर पंपाचा प्लग काढून मुठीत धरून बसणार. नुसतं बटण बंद केलेलं चालायचं नाही. कुणी चुकून दाबलं तर?

"धरलास?"

"धरला, दाजी!"

मगच हात आत.

त्या दुपारी एका जुन्या घराच्या तळघरात भिंत पाझरत होती. खड्ड्याला असा वास, की नाक धरावं. पंपानं फेकलेलं पाणी अर्ध्या पाइपातून परत येऊन तिथंच कुजत होतं. पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बदलायला हवा होता. तो आणायला बारक्या दुकानात गेला. मधल्या वेळात पाणी चढू नये म्हणून जाताना प्लग परत लावून गेला.

थोड्या वेळानं पंप अडकला. पाणी वर यायला लागलं.

आणि वरून... पावलं वाजली.

आला वाटतं बारक्या! दादानं हाक दिली, "धरलास?"

"धरला, दाजी! घाला हात."

दादानं खांद्यापर्यंत हात घातला. पात्यांत चिंधी गुंतली होती. ती ओढून काढली आणि तो वर आला.

वर... कुणीच नव्हतं.

प्लग भिंतीत. बटण चालू.

तेवढ्यात खाली पंप घुरघुरत सुरू झाला.

बारक्या आला तो घामाघूम. "दाजी, दुकानात माझी मूठच आवळली हो! पैसे द्यायला उघडेना. तिघं झोंबले. मग आपली आपणच सुटली."

त्याच्या तळहातावर... पिनांचे खोल वळ. हाताला खड्ड्याचा वास.

दादा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण ती मूठ नंतरही अधूनमधून आवळायची. दादा समोर जेवत बसलेला असला, तरी.

"अरे, मी इथं आहे! कुणासाठी धरतोयस?"

"मला काय ठाऊक! पण सोडवत नाही, दाजी."

परवा तशीच आवळली ती सुटेचना. बारक्या कळवळायला लागला. पाठच्या भावाचे हाल वहिनीला बघवेनात. तिनं कोमट पाणी ओतून एकेक बोट उलगडायला घेतलं.

शेवटच्या बोटाला बारक्या किंचाळला, "नको ताई! कुणाचा तरी हात आत आहे!"

तोवर... मूठ उघडली होती.

त्यानंतर ती कधी आवळली नाही. वासही गेला.

वहिनीला मात्र घास उतरत नाही. "कोण होतं रे ते?" एवढंच ती बारक्याला विचारत राहते.

बारक्या आपली मूठ मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो.