पाडव्यापर्यंत कळी

नागपूरच्या गाडीतून आईसोबत सिंदी रेल्वेला उतरलेली आचल घरी आली, बॅग ओट्यावर टाकली आणि थेट मागच्या अंगणात गेली. तिथं तिच्या मोगऱ्यापाशी एक अनोळखी तरुण खुरपं घेऊन बसला होता. मोगऱ्याला एक पान उरलं नव्हतं. बुंध्याची माती उकरून मुळ्या उघड्या पाडलेल्या होत्या, आणि हे महाशय त्या मुळ्यांकडे मोठ्या समाधानानं पाहत होते.

"कोण तुमी? अन् माह्या झाडाचं हे काय करून ठेवलं?"

तो गडबडून उठला. नाव हेमराज, वरच्या खोलीतला नवा भाडेकरू, इथल्याच बँकेत नोकरी, गाव कारंजा घाडगे. आचल आणि तिची आई ताईच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मागं बाबा, म्हणजे सदाशिवराव, एकटेच. ऐन हंगामात कापसाचा व्यापार सोडून झाडांना पाणी कोण घालणार? त्यांनी बाग या नव्या भाडेकरूवर सोपवून दिली होती.

आता कारंज्याचा माणूस म्हणजे संत्र्याच्या बगीच्यात वाढलेला. संत्र्याचा बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडतात, मुळ्यांना ऊन दाखवतात, पानं गळेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवतात. याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. हेमराजनं मोगऱ्याला तेच केलं होतं, वर पानंही हातानं तोडली होती. दुसऱ्याच्या झाडाला हात लावताना आधी विचारावं, एवढं मात्र त्याला सुचलं नव्हतं.

आचलनं हा मोगरा फांदी मातीत दाबून, मुळ्या फुटायची वाट पाहून वाढवला होता. दर पाडव्याला गुढीला याच झाडाच्या कळ्यांची माळ असे. ती इतकं बोलली की आई आतून बाहेर आली. हेमराज मान खाली घालून ऐकत राहिला... मग हळूच म्हणाला, "पाडव्यापर्यंत कळी नाई आली, तर मी खोली सोडतो."

"सोडाच."

"पण महाशिवरात्रीपर्यंत याले पाण्याचा थेंब द्याचा नाई. कबूल?"

"कबूल," आचल म्हणाली. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून हेमराज सकाळचा चहा घेऊन खाली अंगणात येऊ लागला. मोगऱ्यावर लक्ष ठेवायला, असं त्याचं म्हणणं. पण मोगरा उजवीकडे आणि त्याची नजर डावीकडे, जिथं आचल गुलाबाच्या काड्या छाटत असे. ती झाडांना रागावत, दटावत पाणी घालायची, आणि तो कपाआडून हसायचा.

"जास्वंदीशी एवढं बोलता," तो एकदा म्हणाला, "माह्याशीच काऊन नाई बोलत?"

"जास्वंदीनं माह्यं काही बिघडवलं नाई."

पण बोलणं सुरू झालं ते झालंच. गावाहून तो शेणखताचं पोतं स्कूटरवर घेऊन आला, तेव्हा त्याचा शेणानं माखलेला शर्ट पाहून ती खळखळून हसली. मग ती सकाळी वेणी घालूनच अंगणात येऊ लागली. आईच्या ते लक्षात आलं.

मोगरा मात्र सुकत चालला. फेब्रुवारीचं ऊन चढलं, काड्या करपल्यासारख्या दिसू लागल्या. आचलनं एक टोक वाकवून पाहिलं, ते कटकन मोडलं. झाड गेलं तर कळी कुठून येणार... आणि कळी नाही आली तर तो जाणार. झाड जाण्यापेक्षा त्याच्या जाण्याचीच भीती जास्त वाटली, हे तिला स्वतःशीही कबूल करावंसं वाटेना. दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं दोन तांबे पाणी बुंध्याशी ओतलं आणि चोरासारखी आत पळाली.

सकाळी हेमराजनं मातीला हात लावला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. चहाचा कप उचलून निघून गेला, आणि त्यानंतर सकाळी खाली आलाच नाही. बँकेत मार्चचं काम असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. मोगऱ्याला भराभर हिरवी पालवी फुटली, ती रोज शेंडान् शेंडा तपासू लागली. पानं, पानं, नुसती पानं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, हेमराजनं सेलूला खोली पाहिली म्हणे, संध्याकाळी टेम्पो येणार. आचल ताट तसंच सोडून उठली.

संध्याकाळी तो गादी, शेगडी टेम्पोत ठेवून परत वर गेला आणि बादली घेऊन उतरला, तेव्हा ती जिन्याशी वाट अडवून उभी होती.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "शर्त मी हरलो."

"तुमी नाई हरले. शिवरात्रीआधी, मधातच, पाणी मी टाकलं होतं."

"माहीत आहे मले. माती ओली होती." त्यानं नजर वळवली. "ताण मधातच तुटला की झाड पाल्यावर जाते, कळी धरत नाई. मले वाटलं, मी शर्त हरून जावं म्हणूनच टाकलं, मी इथं नकोच आहे तुमाले... सरळ सांगितलं असतं, तरी गेलो असतो."

आचल त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणजे इतके दिवस हा माणूस हे मनात धरून बसला होता, आणि आपण मार्चच्या कामाला दोष देत होतो.

"झाड मरून राह्यलं असं वाटलं मले," ती म्हणाली. "ते मेलं असतं तर तुमी गेले असते. म्हणून टाकलं पाणी."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. हेमराज हलला नाही.

"म्हणजे... मी राहावं म्हणून?"

"आता हे बी मीच सांगू?"

तिनं त्याच्या हातातली बादली काढून घेतली. तिचे डोळे भरले होते, आणि तो मात्र वेड्यासारखा हसत होता. टेम्पोवाल्याला काय सांगायचं ते बाबा सांगतील, ती म्हणाली, आधी गादी खाली उतरवा.

त्या पाडव्याला गुढीला बाजारातली माळ होती. हेमराज गुढीला नमस्कार करून मोगऱ्यापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पुन्हा चहाचा कप होता.

"येत्या हिवाळ्यात परत ताण देऊ," तो म्हणाला. "पण मधात पाणी टाकणार तर नाई न?"

"आता काऊन टाकू?" आचल म्हणाली. "आता तुमी कुठं जाऊन राह्यले?"