खुर्ची अजून डुगडुगते

आनंदी माणूस दिसला की मला आधी वाटतं — कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा तरी काय दोष? आठ वर्षं मी बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीत बसते. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कवळी... सगळं माझ्याकडे येतं, आणि त्यामागून "अहो, ते माझंच आहे" म्हणणारी माणसं येतात. त्यांतली निम्मी थापा मारतात. म्हणून मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. आणि गंमत सांगू? तिन्हींची घडाघडा उत्तरं देणाऱ्यावरच मी जास्त डोळा ठेवते. खऱ्या मालकाला स्वतःच्या वस्तूतलं काहीतरी हमखास आठवत नाही. रोजच्या पाकिटाच्या अस्तराचा रंग कुणाला ठाऊक असतो, तुम्हीच सांगा!

तर त्या मंगळवारी खिडकीत एक हसरा चेहरा आला. केसांत लाकडाचा भुसा, शर्टाचं एक बटण दुसऱ्याच रंगाचं.

"माझी अवजारांची पिशवी राहिली हो बसमध्ये."

"रंग?"

"खाकी... म्हणजे, एकेकाळी खाकी."

"आत काय?"

"लाकडी हातोडी, सरसाची डबी, दोन पटाश्या."

"पटाशीच्या मुठीवर काय कोरलंय?"

तो गोंधळला. "काही कोरलंय?"

मी पिशवी काढून दाखवली. मुठीवर चिमुकला मासा होता.

"अरेच्चा! बाबांनी कोरला असणार. वीस वर्षं हातात आहे, कधी बघितलाच नाही!" आणि तो असा हसला की मलाही ओठ आवळून धरावे लागले.

पिशवी त्याचीच होती. सही घेतली, काम संपलं. पण तो हलेना.

"तुमची खुर्ची डुगडुगतेय."

"तिची सवय आहे ती."

"तिची असू दे. तुम्हाला कशाला त्रास?"

खुर्च्या दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा निघाला. शाळा, वाचनालयं, कचेऱ्या. दहा मिनिटांत त्याने पाय ठोकून बसवला, तोही शीळ घालत.

"तुम्ही नेहमी एवढे खूश असता?" मी विचारलं.

"छे हो. पाय नीट बसला की असतो."

"आणि नाही बसला तर?"

"परत बसवायचा." जाताना त्याने फोन नंबर लिहून दिला. लागला तर असावा म्हणे.

पुढच्या मंगळवारी खुर्ची परत डुगडुगली. मी फोन केला, तर पलीकडून "येतो की!" एवढ्या आनंदात, जणू बक्षीस लागलंय. स्वतःचं काम बिघडल्यावर इतका खूश कोण होतं? मला संशय आला. तिसऱ्या खेपेला मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. गुपचूप पाय घासून तर ठेवत नसेल ना हा? नजर हलवायची नाही म्हणून हलवली नाही, दुसरं काही नाही. पण मग कळलं की त्याच्या उजव्या अंगठ्यावर जुना व्रण आहे, आणि खिळा ठोकताना तो श्वास रोखून धरतो...

"काय बघताय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काम."

"कसं वाटतंय?"

"संशयास्पद," मी म्हणाले. तो इतका हसला की हातोडी बोटावर बसली.

इकडे माझ्या ताईने एक स्थळ आणलं. "हिरा आहे गं, हिरा!" म्हणाली. मी एका हॉटेलात भेटले त्या हिऱ्याला. पहाटे साडेपाचला व्यायाम. पूर्वेला बाल्कनी असलेलं घर. पन्नाशीला निवृत्ती, मग प्रवास, मग शांतता. मी विचारलं, "आयुष्यातून तुम्हाला काय हवंय?" तो श्वासही न घेता म्हणाला, "समाधानी, संतुलित आणि अर्थपूर्ण जीवन."

"शेवटचं पोट धरून कधी हसलात?"

"गेल्या रविवारी. चार मित्रांसोबत. पावणेनऊला."

मी कान टवकारले. माणूस वाईट नव्हता हो. पण ज्या पिशवीचं वर्णन चाललं होतं, ती त्याने कधी खांद्याला लावली असेल असं वाटेना.

ताईला हे सांगितलं तर ती भडकली. "शहाणी आहेस! नीट उत्तरं दिली तरी संशय? तुझ्या त्या खिडकीतून राजपुत्र नाही यायचा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय. हो किंवा नाही, एकदाचं सांगून टाक."

मंगळवारीच तो खुर्चीवाला आला. पाचवी खेप. मी खिडकीची झडप खाली ओढली आणि त्यालाच माझ्या खुर्चीत बसवलं.

"आज ठोकाठोकी नाही. तीन प्रश्न."

"बापरे! मी काय हरवलंय आता?"

"पहिला. सारखं खूश असल्याचं ढोंग कशासाठी?"

त्याचं हसू ओसरलं. "ढोंग नाही हो. काम करताना असतो खरंच. घरी गेलो की... दोन खुर्च्या आहेत घरी. बाबा गेल्यापासून एक रिकामीच. कधी कधी तिच्याशीच बोलतो. हसू नका."

मी कशाला हसतेय?

"दुसरा. आपण चांगलं जगलो, हे तुम्हाला शेवटी कसं कळणार?"

बाहेर एक बस लागली, भरली, निघून गेली.

"मला उद्या दुपारपर्यंतचंच दिसतं," तो हळूच म्हणाला. "वाचनालयात अकरा खुर्च्या आहेत. कुणीतरी येऊन बसेल, पुस्तकात बुडेल, बुडाखाली खुर्ची आहे हेही विसरेल... तेवढं झालं की मला बरं वाटतं. हे उत्तर झालं का?"

"नाही."

"मग नाही बुवा माहीत."

आठ वर्षांत शेकडो खऱ्या मालकांच्या तोंडून मी हेच ऐकलंय, आणि अगदी ह्याच सुरात.

"तिसरा," मी म्हणाले. "ही खुर्ची बरी का होत नाही?"

त्याचे कान लालबुंद झाले. "ती... पहिल्याच दिवशी बरी झाली होती. ह्या कोपऱ्यातली फरशी खचलीय. खुर्ची वीतभर सरकवली तर हलणारसुद्धा नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"आणि मूग गिळून बसलात? खोटं खोटं ठोकत राहिलात?"

"सांगितलं असतं तर परत बोलावलं नसतंत ना..." तो उठून उभा राहिला. "रागावा. खुशाल रागावा. पण तुमच्यासाठीच येत होतो. तुम्ही मला आवडता."

चोर मुद्देमालासह सापडला होता. मी कडाडायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना... मी ड्रॉवर उघडला. कुणी न्यायला न आलेली एक काचेची गोटी काढली आणि जमिनीवर ठेवली. गोटी गडगडत त्या कोपऱ्यात गेली, थांबली.

"हे मी तुमच्या तिसऱ्या खेपेनंतर करून बघितलं होतं," मी म्हणाले. "संशयी स्वभाव ना माझा."

तो गोटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "म्हणजे... नंतरचे दोन्ही फोन?"

"त्यानंतर आठवडाभर खुर्ची नीट जागेवरच असायची. मी मंगळवारी ओढून परत इथे आणायचे." मला वर बघवेना. "मलाही तुम्ही आवडता. संशय अजून आहेच हं. पण आवडता."

तेवढ्यात फोन वाजला. ताई!

"काय गं, ठरलं का?"

"ठरलं. त्यांना 'नाही' कळव."

"अगं पण का? काय कमी आहे त्यांच्यात?"

"काहीच कमी नाही गं, ताई. तेच तर!" मी फोन ठेवला. ताई रात्री घरी येऊन माझी हजेरी घेणार, हे नक्की होतं.

तो मात्र खाली वाकून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभा होता.

"मग आता सरकवू ना ही वीतभर?"

"खबरदार हात लावाल तर!" मी म्हणाले. "मंगळवारी या."

"मंगळवारी?" त्याचा चेहरा उतरला. "आज संध्याकाळी नाही चालणार? ती दुसरी खुर्ची... एकदा बसून तर बघा. ती नाही डुगडुगत."

मी त्याच्याकडे नीट, डोळे बारीक करून बघितलं. मग झडपेला कुलूप लावलं, पर्स उचलली आणि म्हणाले, "ते मी बसल्यावर ठरवीन."