सातव्या फडाचा रस

तुकूमानच्या साखर कारखान्यातली प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. जून महिना, म्हणजे इकडे हिवाळा आणि तोडणीचा हंगाम. गारठ्यात जळक्या पाचटाचा वास खिडकीच्या फटींतून आत यायचा. म्हातारा निकानोर फडाफडातल्या रसाच्या बाटल्या आणून ठेवायचा. मी रस गाळून यंत्रात सोडायची. तापवलेल्या नळीतून पाण्याबरोबर सरकताना साखरा एकमेकींपासून सुटतात आणि कागदावर आपापल्या मिनिटाला एकेक शिखर उमटतं. आधी सुक्रोज, मग ग्लुकोज, शेवटी फ्रुक्टोज. अकरा वर्षांत चौथं शिखर मी पाहिलं नव्हतं.

ते सातव्या फडाच्या रसात दिसलं. नळी धुतली, नुसतं पाणी सोडलं, कागद कोरा. दुसऱ्या फडांच्या रसात तीनच शिखरं. सातव्याच्या रसात पुन्हा चार. आणि चौथं रोज थोडं उंच.

"तो फड तोडू नका म्हणावं, सुलेमाबाई," निकानोर हात पुसत म्हणाला. "तिथं सांडलेल्या रसाला मुंगी लागत नाही."

कारखाना चालवणाऱ्या इंजिनिअर रेआर्तेंनी माझे कागद चुरगळले. "नळ्या तू नीट धूत नाहीस, आणि खापर माझ्या उसावर?"

"तीनदा धुतल्या, इंजिनिअर."

"मग भूत शिरलंय यंत्रात? की युनियनवाल्यांनी पढवलंय तुला?"

दुपारी त्यांनी सगळ्यांना आवारात बोलावलं. तोडणीवाले कोयते टेकवून उभे राहिले. रेआर्तेंनी सातव्याचा रस ग्लासभर ओतून घेतला आणि माझ्यावरची नजर न हलवता घटाघट प्यायला.

"गोड आहे. यालाच साखर म्हणतात, बाई. उद्या सामान उचल."

सकाळी सामान भरण्याआधी मी सातव्याची ताजी बाटली यंत्रात सोडली. तीन शिखरं निघाली. चौथं नव्हतं.

"दिसलं?" मागून आवाज आला. रेआर्ते होते. त्यांच्या श्वासाला ओल्या मातीचा वास येत होता.

ते माझ्या बेसिनच्या नळाला तोंड लावून पाणी पीत राहिले. मध्ये श्वास घेतला नाही. मी घड्याळ पाहिलं: चार मिनिटं.

मग ते उन्हात, बोडक्या डोक्याने, सातव्या फडाकडे चालू लागले. तोडणीवाल्यांनी वाट दिली. एकानेही हटकलं नाही.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. ऊस हलला आणि थांबला.

पोलीस दोन दिवस एकच विचारत होते, "रसात काय कालवलंस?" माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. निकानोरही नाही.

चौथ्या दिवशी, त्यांना शोधण्यासाठी सगळा फड कापून झाला, तेव्हा मला तिथे नेलं. उघड्या जमिनीच्या मधोमध रेआर्तेंचे बूट शेजारी शेजारी उभे होते. काठोकाठ ओली माती भरलेली, आणि दोन्हींतून बोटभर उंचीचे उसाचे कोंब वर आलेले.

मी वाकून पाहिलं. नाड्या बांधलेल्याच होत्या.