रिकाम्या गाडीचं वजन

साहेब, लिलावाच्या कागदावर तुम्ही 'सामान वाहतूक' लिहिलं. खोटं लिहिलं. बंद डब्याची ती मोठी गाडी तुमच्या खात्यात काय वाहत होती, हे तुम्ही लपवलं.

मी नागसेन. तेलंगणातल्या भैंशात गाद्या भरतो, बायको प्रतिभा खोळी शिवते. गावोगाव माल पोचवायला तुमच्या लिलावातली ती जुनी गाडी घेतली. भूतबित आमी मानत नाही. बावीस प्रतिज्ञांचं घर आहे.

रुई घ्यायला जिनिंगवर गेलो. तिथं आधी रिकामी गाडी काट्यावर चढते, मग भरलेली. माझी रिकामी गाडी कागदावरच्या वजनापेक्षा पन्नास किलो जास्त भरली.

काटेवाले माणिकराव म्हणाले, "मागं गोटे लपवले का, नागसेनभाऊ? रिकाम्यात तोलायचे, भरताना फेकायचे. लय पाह्यले असे."

"उघडून पाहा ना."

पाहिलं. नुसता पत्रा. फिनेलचा वास. मे महिना, अन् आत गारवा.

"पुन्हा असं झालं तं रुई भेटणार नाही."

रुई बंद म्हणजे आमचं घर बंद.

आठवड्यानं इंद्रवेल्लीकडं गाद्या पोचवून परतत होतो. भर दुपारी एका फाट्यावर, नाल्यापाशी, गाडी बंद पडली. तिथं बाज टेकवून एक म्हातारी बसली होती. भागीरथा तिचं नाव.

"काऊन उशीर केला, बापू?"

"कशाला, माय?"

"माह्या लेकाला, चंपतला आणायला. दवाखान्यात सरला. तिथल्याच गाडीनं धाडतो म्हणले. तीन साल झाले, बसून राह्यली. नाल्यापलीकडं गाडी येत नाही, म्हणून बाज आणली."

"ही गाद्यायची गाडी आहे, माय. रिकामी आहे."

"उघड तं खरं."

उघडली. तिनं पत्र्यावर हात ठेवला. "चाल, राजा."

शेतातून चौघं आले. काही न विचारता बाज दाराला लावली. मग उचलली.

बाजेचं सुंभ खाली झोळलं.

चौघांचे खांदे वाकले. नाल्यात एकानं खांदा बदलला.

गाडी पहिल्या चावीत सुरू झाली.

काट्यावर वजन कागदाइतकंच. "फेकले ना गोटे?" माणिकराव हसले.

काल पुन्हा तोलली. पंधरा किलो जास्त.

प्रतिभानं एक लहान गादी भरून मागं घातली. आज सकाळी पाहिली. मधोमध दबलेली होती.

साहेब, हे लेकरू कोणत्या गावचं? कोणत्या फाट्यावर कोण बाज घेऊन बसलंय? तुमच्या रजिस्टरात असेल. काढा, अन् उत्तर द्या.