नकाशाची शेवटची रांग

माझ्या टेबलाला दोन्ही बाजूंनी खुर्च्या आहेत आणि बसणारा मी एकटाच. युद्धाच्या खेळांसाठी लढाया रचणं हा माझा धंदा. नकाशा चौकोनांत आखायचा, तुकड्या मांडायच्या, मग खेळून बघायचं. आधी एका बाजूची पाळी, मग दुसरीची, बुद्धिबळासारखं. समोर कुणी नसल्यामुळे दोन्ही बाजू मीच खेळतो. पाळी बदलली की संगणकाचा पडदा फिरवतो, उठतो आणि पलीकडे जाऊन बसतो. ज्या बाजूची पाळी, तिच्या तुकड्यांना दिसेल तेवढंच पडद्यावर दिसतं. बाकी सगळं धुकं. पलीकडे बसलो की मी खरोखरचा शत्रू होतो, हातचं राखून खेळत नाही.

यंदा कंपनीने नदीवरच्या माघारीची लढाई मागितली. मी हो म्हणून बसलो आणि मग कितीतरी दिवस हात चालेना. त्या लढाईत नदीच्या पुलावर माझा दादा होता. सैन्य मागे निघालं तेव्हा पूल धरून ठेवायला एक तुकडी ठेवली होती, तिचा तो प्रमुख. तिच्यातलं कुणीच परतलं नाही. दादा कागदोपत्री अजून बेपत्ता आहे. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आज मी त्याच्या दुपटीहून मोठा आहे, तरी तो दादाच. वहिनी याच घरात राहते. आम्ही एकमेकांशी गरजेपुरतं बोलतो, आणि गरजा फार थोड्या आहेत.

मला एवढंच बघायचं होतं, की त्या माणसांना जिवंत परतायची एक तरी वाट होती का.

दादाची तुकडी पुलावर ठेवली आणि जागा सोडायची नाही असा हुकूम लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक चौकोन मागे होती. माझाच हात चुकला असेल, म्हणून परत पुलावर आणली. जेवून येतो तर पुन्हा मागे. प्रोग्रॅमरला फोन केला.

“हुकूम मोडायची सोय मी लिहिलेलीच नाही,” तो म्हणाला. “तुमचेच सैनिक तुमचं ऐकत नाहीत? लग्न करा, म्हणजे सवय होईल.”

मी हसलो. फोन ठेवल्यावर खोली फार शांत वाटली.

मग मी तिला हात लावणं सोडून दिलं. दर पाळीला ती आपणहून एक चौकोन सरकायची. शेतांतून, रेल्वेचे रूळ ओलांडून, सरळ नकाशाच्या काठाकडे. पूल मोकळा पडलेला. पलीकडच्या खुर्चीत बसून मी कुणीही केलं असतं तेच केलं. पूल ओलांडून तिच्या मागे लागलो. तुकडीवर जिवंत माणसांचा आकडा असतो, तो घटत चालला. गोळ्या मीच झाडत होतो.

काठाशी येऊन तुकडी थांबली. आकडा उरला होता एक.

वहिनी सहसा या खोलीत येत नाही. त्या दुपारी दारात येऊन उभी राहिली.

“ही त्यांची ना?”

“हो.”

“मग थांबली कशाला?”

“पुढे नकाशा नाही, वहिनी. संपला.”

“मग वाढवा की भाऊजी. तुमच्याच हातात आहे ना?”

खरंच होतं. मी एक रांग वाढवली आणि तुकडी सरकली. आणखी एक वाढवली. धान्याचं गोदाम आलं, शाळा आली, पाण्याची टाकी आली. हे आपल्याच गावाकडे चाललंय हे मला कळत होतं, पण मी अक्कल गहाण ठेवली होती. पलीकडच्या खुर्चीत तर मी बसतच नव्हतो. शत्रूची पाळी आली की काही न हलवता ‘पाळी संपली’ दाबायचो. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करत होतो आणि मला बरं वाटत होतं. वहिनी शेजारी स्टूल ओढून बसली होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून कुणाची वाट पाहिली नव्हती. जो तो आपापल्या खोलीत पाहायचा.

शेवटच्या रांगेत आमची गल्ली होती. तुकडी घराच्या अलीकडच्या चौकोनात आली.

“आलेच,” असं म्हणून वहिनी उठून बाहेरच्या खोलीत गेली.

शत्रूची पाळी होती. मी सोडला होता तिथे, रुळांपाशीच तो असणार, तरी खात्री करावी म्हणून मी पडदा फिरवला आणि पलीकडे जाऊन बसलो.

तो रुळांपाशी नव्हता.

गोदामापाशी होता. शाळेपाशी होता. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी होता. नकाशा वाढवला की तो दोन्ही बाजूंसाठी वाढतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मी मात्र एकाच माणसासाठी दार उघडतोय असं समजत होतो.

त्या रांगा पुसता आल्या असत्या. शत्रू गेला असता. दादाही गेला असता, पुन्हा.

मी पुसल्या नाहीत.

पाळी संपवली आणि इकडे येऊन बसलो. पडद्यावर धुकं होतं. तुकडी आपणहून सरकली आणि आमच्या घराच्या चौकोनात येऊन थांबली.

आकडा एक नव्हता. तीन होता.

“भाऊजी,” बाहेरून वहिनीचा आवाज आला. दबका, पण आनंदी. “दाराला कडी घाला हो. हे म्हणतायत, मागून बरेच जण येतायत.”

मी उठून दाराशी गेलो.

कडी घातलेलीच होती.